निरोददादाने सांगितलेली गाण्याची गोष्ट

चूक घोटच्या बाजारात झाली, आणि एक किलो रोहू तोलून द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात झाली.

पंच्याऐंशी सालचा जुलै महिना. निरोद मंडल नेहमीसारखा बाभळीखाली ओलं पोतं अंथरून मासोळ्या विकत बसला होता. भेंडीटोल्याच्या शाळेचे हेडमास्तर बापूराव गुरुजी आले, माशाचे कल्ले उघडून बघितले आणि म्हणाले, “निरोददादा, तुमी बंगाली ना?”

“अठरा वर्षं झाली, तुमीच तर म्हनून राह्यले, गुरुजी.”

बाजूची बांगडीवाली हसली. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते कामाने आले होते. शाळेत रोज सकाळी जे गीत म्हणतात, ज्यात देशालाच आई म्हटलं आहे, त्याच्या जन्माची हकिगत हा यंदा भाषणाच्या स्पर्धेचा विषय होता. आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, गडचिरोलीत. पाठ्यपुस्तकात चार ओळींपलीकडे काही नव्हतं. कवी बंगाली होता एवढं गुरुजींना माहीत होतं, आणि बंगाली माणूस तर दर बाजारी त्यांच्यासमोर बसत होता.

“आमच्याकडचं शेंबडं पोरगंसुदा आपल्या संताची गोष्ट सांगते,” गुरुजी म्हणाले. “तुमी तर त्याच मुलखातले. लहानपनापासून आयकलीच असन. सांगा, मी लिहून घेतो.”

निरोद दुसरीतून शाळेबाहेर पडलेला. गाणं त्याने ऐकलं होतं, कवीचं नावही कानावरून गेलं होतं, त्यापलीकडे काही नाही. ‘मले नाई माहीत’ एवढं म्हटलं असतं तरी विषय तिथेच संपला असता. पण अठरा वर्षांत या बाजारातल्या कुणी त्याला माशाचा भाव सोडून दुसरं काही विचारलं नव्हतं. चौसष्ट साली तो पूर्व पाकिस्तानातलं, खुलना जिल्ह्यातलं गाव सोडून निघाला, तीन वर्षं रायपूरजवळ माना इथल्या निर्वासितांच्या छावणीत तंबूत राहिला, मग सरकारने या जंगलात जमीन तोडून दिली आणि तो कॅम्पवाला झाला. तुझं गाव कसं होतं, नदी कोणती होती, मागे कोण राहिलं, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. आणि आज एक हेडमास्तर वही उघडून, पेनचं टोपण काढून समोर उकिडवा बसला होता.

निरोद बोलायला लागला.

“गरीब होता तो. नदीकाठचा. एका साली गाव सोडावं लागलं. सारे होडीत बसले. त्याची माय म्हने, मी नाई येत, घर कोन पाहीन? होडी सुटली. माय घाटावर उभी. रडली नाई, हात हालवला नाई. तांदूळ धुवाची टोपली कमरेवर, पाय पान्यात. वळनाआड होडी जाईपरेंत तशीच उभी होती. मंग त्यानं होडीतच गानं रचलं. पह्यले ते मायचंच गानं होतं, गुरुजी. देशाचं मांगून झालं.”

गुरुजींचं पेन थांबलं होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी वही मिटली आणि मासोळी न घेताच गेले.

तो सगळा दिवस निरोदला आपण काही वाईट केलं असं वाटलं नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. कारण यातलं कवीचं काही नसलं तरी खोटंही काही नव्हतं. घाटावर उभी राहिलेली ती बाई त्याची स्वतःची आई होती.

पुढच्या बाजारी गुरुजींनी एका मुलीला सोबत आणलं. सातवीतली, किडकिडीत, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. भेंडीटोल्याच्या मनकर्णाबाई रामटेके यांची वच्छला. शाळेने स्पर्धेसाठी तिला निवडलं होतं. तिने पोत्यासमोर उभं राहून अख्खं भाषण म्हणून दाखवलं. निरोदच्या चार वाक्यांना गुरुजींनी चांगली पानंफुलं लावली होती.

“दादा, टोपली कायची होती? बांबूची?” वच्छलाने विचारलं.

“वेताची.”

“अन् साडी?”

“पांढरी. लाल किनार.”

“घाटाले पायऱ्या किती?”

“सात. खालच्या दोन पान्यात बुडल्या होत्या.”

दर बाजारी ती यायची आणि नवं काही विचारून जायची. निरोद सांगत गेला. आईच्या हातातला शंखाचा चुडा, घाटावरचं खजुराचं झाड, मागे भुंकणारं कुत्रं, सगळं कवीच्या पदरात पडत गेलं. जुलैअखेर चामोर्शीला तालुक्याची स्पर्धा झाली आणि वच्छलाचा पहिला नंबर आला. चौदा ऑगस्टला तिने गडचिरोलीला बोलायचं ठरलं. गुरुजींनी बाजारात सगळ्यांदेखत निरोदच्या पाठीवर थाप मारली. पंधरा ऑगस्टला शाळेत पाहुणा म्हणून यायचं आमंत्रणही दिलं.

ही बातमी सांगायला निरोद त्याच संध्याकाळी कॅम्पातल्या हरिपद डाक्तरांकडे गेला. हरिपदबाबू डॉक्टर नव्हते. आठवी शिकलेले होते आणि त्यांच्याकडे होमिओपॅथीच्या गोळ्यांची पेटी होती. कॅम्पात तेवढ्यावर डाक्तर होता येत असे. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि बंगालीत विचारलं, “हे तुला कुणी सांगितलं?”

निरोद गोळ्यांच्या पेटीकडे बघू लागला.

“अरे, तो साहेब माणूस होता! इंग्रज सरकारचा हाकिम. कचेरीत बसून निवाडे करायचा. गाणं लिहिलं आणि कागदातच ठेवून दिलं. कित्येक वर्षं तसंच पडलं होतं. मग कादंबरी लिहिली, तेव्हा तिच्यात घातलं. घाट कुठला, होडी कुठली? निरोद, तू तुझ्या आईला त्या हाकिमाची आई करून टाकलंस?”

निरोद उठला आणि घरी न जाता तळ्याच्या पाळीवरून नुसता चालत राहिला. बोलला तेव्हा ती बाजारातली गोष्ट होती. आता ती जिल्ह्याला चालली होती. तिथे परीक्षक असतील, साहेब असतील, शिकलेली माणसं असतील. त्यातला एक जरी हरिपदबाबूंएवढा शिकलेला निघाला, तर भर सभेत त्या पोरीला विचारील, बाई, हे कोणत्या पुस्तकात आहे? आणि पोर सांगेल, आमच्या गावच्या मासोळीवाल्याने सांगितलं.

पारुलने, त्याच्या बायकोने, वाढलेला भात त्याने तसाच सारला. “मासे मेले का?” तिने विचारलं. निरोदचं जेवण बंद व्हायचं तिला माहीत असलेलं कारण तेवढं एकच होतं.

दुसऱ्या दिवशी तो सायकल मारत भेंडीटोल्याला गेला. गुरुजी मीटिंगसाठी चामोर्शीला गेले होते. शाळेत पोरं नुसती कालवा करत होती. मग तो मनकर्णाबाईला शोधत बांधावर गेला. धानाचा रोवणा चालू होता. दहाबारा बाया चिखलात वाकून रोपं खोचत होत्या.

“काऊन दादा, मासोळी नाई आनली?” एकीने वाकल्या वाकल्याच विचारलं. “रिकाम्या हातानं बंगाली आला म्हंजे समजा आता पानी पडत नाई!”

बाया हसल्या. मनकर्णाबाई चिखलाचे हात कोपरापर्यंत तसेच ठेवून बांधाशी आली.

“जय भीम, दादा. आमच्या वच्छीचं तुमी सोनं केलं. घरात कोनी तालुका पाह्यला नाई, ते जिल्ह्याले चालली.”

“बाई, मले एक सांगाचं होतं.”

“मलेच तुमाले सांगाचं होतं. जयंतीले नागपूरचा वक्ता आला होता ना, त्यानं सांगितलं. बाबासाहेबाले घटनेच्या सभेत जाले सारे दरवाजे बंद केले होते, तवा तुमच्या बंगालनं, जेसोर-खुलन्यानं निवडून पाठवलं. मी तवाच म्हटलं, कॅम्पातले लोक आपले आहेत. लोक म्हनते, बंगाल्यावर भरोसा नोको ठेवू. मी म्हनलं, ठेवीन.” ती हसली. “आता तुमचं सांगा.”

निरोदने चिखलाकडे पाहिलं, रोपांच्या जुडीकडे पाहिलं. “वच्छलाले म्हना, पान्याचा गिलास जवळ ठेव. बोलता बोलता घसा सुकते.”

आणि तो सायकल वळवून परत आला. रस्ताभर स्वतःलाच शिव्या घालत होता.

त्यानंतरचे आठ दिवस कसे गेले ते पारुललाच ठाऊक. जाळं विणायला बसला की उठायचा. अंगणात यायचा, काही न करता आत जायचा. सांगितलं तर पोरीच्या तोंडातला घास जातो. नाही सांगितलं तर भर सभेत तिची फजिती होते. आणि दोन्हीकडून निरोद मंडल खोटारडा ठरतो. कॅम्पवाल्यांबद्दल लोक आधीच काय बोलतात ते त्याला माहीत होतं. जमिनीच्या कागदासाठी कचेरीत गेलं की साहेब विचारायचे, इथलेच कशावरून? देशाच्या गाण्याबद्दल खोटं बोलणारा माणूस उद्या कोणत्या तोंडाने तिथे उभा राहणार होता?

तेरा तारखेला त्याला चंद्रपूरला जावंच लागलं. मासेमार सोसायटीचं बीज यायचं होतं. कलकत्त्याचे व्यापारी दर पावसाळ्यात रोहू-कतल्याची पिल्लं घेऊन यायचे. तांदळाच्या दाण्याएवढी, पाण्यात नुसती हलणारी रेघ दिसावी अशी. ती ॲल्युमिनियमच्या हंड्यांत आणतात, आणि त्यात एक मेख आहे. हंडीतलं पाणी एकसारखं हाताने थोपटत राहावं लागतं. पाणी हललं तर त्यात हवा मिसळते. हात थांबला की पिल्लं तोंड वर काढतात, आणि जास्त वेळ थांबला की पांढरी होऊन तरंगतात. चंद्रपूर ते घोट हा सगळा रस्ता निरोद दोन्ही पायांमध्ये दोन हंड्या धरून, दोन्ही हातांनी थोपटत यायचा. सोसायटीत हे काम त्याच्याशिवाय कुणाला जमत नव्हतं. कंडक्टर तिकिटाचे पैसे त्याच्या खिशातून स्वतःच काढून घ्यायचे.

चौदाच्या सकाळी तो हंड्या घेऊन एस्टीत बसला. मूल आणि सावली ही गावं मागे पडली, वैनगंगेच्या पुलाला लाल पाणी घासत होतं. हात चालू होते आणि डोकंही चालू होतं. साडेबाराला गाडी गडचिरोलीच्या स्टँडवर लागली. पंधरा मिनिटं थांबणार होती. पुढची घोटची गाडी चारला. म्हणजे सव्वातीन तास जास्त. हंडीतलं पाणी तोवर तापणार होतं. सगळं बीज काही टिकणार नव्हतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

ड्रायव्हर चहा पिऊन आला. इंजिन सुरू झालं.

“थांबा!” निरोद ओरडला. “उतराचं आहे.”

“अरे दादा, घोटचं तिकीट आहे तुमचं!”

“असू द्या.”

कावडीच्या दोन टोकांना हंड्या लावून, चालताना त्या मुद्दाम हिंदकळवत तो स्पर्धेची शाळा विचारत गेला. व्हरांड्यात शिपायाने अडवलं. आतून कुणाचा तरी उंच आवाज ऐकू येत होता. निरोदने हंड्या तिथेच सावलीला ठेवल्या, मध्ये फतकल मारली, दोन्ही हात पाण्यात घातले आणि शिपायाला म्हणाला, “भाऊ, भेंडीटोल्याचे बापूराव गुरुजी अन् त्याइची पोरगी. तेवढं बलावून दे. माहे हात गुतले आहेत.”

शिपायाने हंडीत वाकून पाहिलं. काय वाटलं कुणास ठाऊक, आत गेला.

गुरुजी इस्त्रीच्या धोतरात आणि वच्छला नव्या चपलांत बाहेर आली. “वा, दादा! आयकाले आले!” गुरुजी म्हणाले.

निरोदने वर पाहिलं नाही. पाणी थोपटत थोपटत त्याने सगळं सांगितलं. कवी हाकिम होता. होडी नव्हती. घाट नव्हता. आपल्याला काही माहीत नव्हतं.

गुरुजींचं तोंड उघडं ते उघडंच. मग त्यांनी आवाज दाबून सुरुवात केली, “आता सांगता? आता? तिचा नववा नंबर आहे, आत सातवा बोलून राह्यला! महिनाभर तुमी बाजारात बसून तिले साडीची किनार सांगत होते!”

“किनार खरी आहे, गुरुजी. साडी खरी आहे. कवी खोटा आहे.”

“आता राहू द्या तसंच,” गुरुजी इकडेतिकडे बघत म्हणाले. “कोनाले माहीत आहे? परीक्षकाले तरी काय माहीत आहे? वच्छला, तू पाठ केलं तेच बोल.”

वच्छला हंडीजवळ उकिडवी बसली. तिचा चेहरा उतरला होता, पण ती रडत नव्हती. “मंग ते बाई कोन होती?”

“माही माय.”

 आत टाळ्या वाजल्या. आठव्याचं नाव पुकारलं गेलं.

“त्या हाकिमाचं सांगा,” ती म्हणाली. “लवकर.”

हरिपदबाबूंनी सांगितलं होतं तेवढं निरोदने सांगितलं. पाच वाक्यं झाली. तिने ती दोनदा घोकली. गुरुजी कपाळाला हात लावून खांबाला टेकले होते.

व्हरांड्यातून खिडकीतलं अर्धं व्यासपीठ दिसत होतं. आठवा मुलगा मोठ्या शाळेतला होता. कवीने हे गीत तुरुंगाच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं, असं त्याने हात उंचावून सांगितलं, आणि सभागृह दणाणलं. मग वच्छला उभी राहिली. कवी सरकारी नोकर होते. गीत लिहून त्यांनी बरीच वर्षं ठेवून दिलं. मग ते कादंबरीत घातलं. एवढं तिने नीट सांगितलं. पुढे काही नव्हतं. समोर कुणीतरी खोकलं. “एवढंच मला खात्रीनं माहीत आहे,” ती म्हणाली आणि नमस्कार करून खाली आली. पाच मिनिटांच्या भाषणातली साडेतीन मिनिटं शिल्लक राहिली होती.

पहिलं बक्षीस कोळशाच्या भिंतीला गेलं.

चारच्या गाडीत गुरुजी पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले आणि त्यांनी एकदाही मान वळवली नाही. वच्छला निरोदच्या समोरच्या बाकावर होती. खिडकीबाहेर सागाची झाडं पळत होती. पोलिसांनी एकदा गाडी थांबवून सगळ्यांची गाठोडी पाहिली, हंड्यांत बॅटरी मारली आणि जाऊ दिलं. उजव्या हंडीत पांढरे ठिपके तरंगायला लागले होते. निरोद ते ओंजळीने काढून खिडकीबाहेर टाकत होता.

चामोर्शी गेल्यावर वच्छला तुटकपणे म्हणाली, “आठ दिवसांआधी तुमी आमच्या बांधावर आले होते. मायनं सांगितलं.”

“आलो होतो.”

“तवाच काऊन नाई बोलले? मी खरं पाठ केलं असतं. मले पाच मिनिटं बोलता आलं असतं.”

निरोदने आणखी एक ओंजळ पांढरी पिल्लं खिडकीबाहेर टाकली.

मग तिने विचारलं, “तुमची माय आता कुठी आहे?”

निरोदच्या जिभेवर कितीतरी गोष्टी आल्या. ती भावाकडे सुखात आहे. ती तिथेच वारली, सगळे जवळ होते. यातली कुठलीही सांगितली असती तरी पोरीने मान डोलावली असती.

“नाई माहीत,” तो म्हणाला. “सत्तर साली एक कार्ड आलं होतं. मंग तिकडं लढाई झाली. मांगून काहीच नाई.”

भेंडीटोल्याच्या फाट्यावर उतरताना वच्छला म्हणाली, “मायले मी सांगतो. तुमी आज येऊ नोका, ते चिडन.”

गुरुजी खाली उतरून पिशवी सावरत क्षणभर खिडकीशी थांबले. “उद्या पाहुने म्हनून नोका येऊ, दादा,” ते दुसरीकडे बघत म्हणाले. “म्हंजे, या. पन मांगं बसा.”

तळ्यावर सोसायटीचा सेक्रेटरी झिंगू दुपारपासून वाट बघत बसला होता. त्याने आधी हंड्यांत पाहिलं, मग निरोदच्या तोंडाकडे. डाव्या हंडीत बरीच हालचाल होती. उजवीत निम्म्याच्या वर बीज मेलं होतं.

“पुलावर अडकली ना गाडी?” झिंगूने स्वतःच विचारलं. “मी सकाळीच म्हनलं होतं, वैनगंगा चढून राह्यली, आज बीज मरते.”

गाडी पुलावर अडकली होती असं सगळ्या घोटने खुशाल मानलं असतं. लाल पाणी तर निरोदने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

“नाई अडकली,” निरोद म्हणाला. “मीच उतरलो गडचिरोलीले. काम होतं. चारच्या गाडीनं आलो.”

“काम? हंडीत बीज असताना? कोनतं काम?”

निरोदने तेही सांगितलं. बाजारातल्या त्या रोहूपासून. सांगता सांगता त्याने दोन्ही हंड्या तळ्याच्या काठाच्या पाण्यात बसवल्या आणि वरून तळ्याचं पाणी ओंजळ ओंजळ आत सोडू लागला. पिल्लांना नव्या पाण्याची सवय होईपर्यंत घाई करता येत नाही. झिंगू पाळीवर येरझारा घालत ऐकत होता आणि मध्ये मध्ये तोंडाला येईल ते बोलत होता. एका गाण्यासाठी सोसायटीच्या मासोळ्या मारल्या! अन् ते गानंबी याचं नाई!

शेवटी तो थांबला. “पुढच्या साली बीज आनाले मी जाईन,” तो म्हणाला. “तुमाले नाई पाठवत.”

“जा,” निरोद म्हणाला आणि त्याने हंडी हळूच आडवी केली.